पाद्र्याच्या डोक्यावर पिवळं घर

१२ सप्टेंबर

पोहोचले एकदाची! आणि काय थाटात! लख्ख ऊन, वारा नावापुरता, आणि समोर ग्रोवेर बेट: मूठभर घरं, एक चर्च, कॉड वाळवायच्या लाकडी मांडण्या आणि त्यांच्यावर भांडणारे कुरव. मालवाहू बोटीच्या कप्तानाने मला मुद्दाम वर केबिनमध्ये बोलावलं होतं. बेटाच्या उतारू बोटीची नवी तांडेलीण म्हणून मान दिला असेल.

बंदरात शिरायची वाट एकच आहे. गावकरी तिला नरडं म्हणतात आणि ते नाव तिला शोभतं. दोन्ही अंगांना पाण्याखाली खडक आहेत. डावीकडच्या सगळ्यांत दांडग्या खडकाचं नाव डुकरीण, तिच्यामागे तिची पिल्लं. भरती आली की यातलं काहीच दिसत नाही. शिवाय आडवा प्रवाह असा की होकायंत्रात नाक सरळ आणि बोट मात्र बाजूला सरकत चाललेली. इथे फक्त खुणा कामाच्या. बंदराच्या तोंडाशी दगड रचून केलेला उंच मनोरा आहे. त्याला चुना फासतात, म्हणून त्याचं नाव पाद्री. त्याच्या मागे, चढावर, पिवळं घर. पाद्र्याच्या डोक्यावर घराचं शिखर नेमकं बसवायचं आणि तसंच धरून आत यायचं. पाद्री घराच्या डावीकडे सरकला तर आपण उजवीकडे ढळलो, उजवीकडे सरकला तर डावीकडे. दर्यावर्दींच्या छापील मार्गदर्शिकेत मी हे वाचून आले होते. पण त्या दोन खुणा प्रत्यक्ष एकावर एक बसल्या तेव्हा मला खरंच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. माणसं शेकडो वर्षं याच अकलेवर घरी आली आहेत.

कप्तान मात्र स्क्रीनवरून डोळे उचलेना. मी त्याला म्हटलं की बाबा रे, बघ तरी ते पिवळं घर कसं बसलंय. त्याने एकदा बाहेर पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला की बाई, तू शिकवतेस तर तुला दिसत असेल, मला माझा नकाशा बरा. असल्या माणसांसाठीच मी नौवहन विद्यालयातली नोकरी सोडून इथे आले आहे!

१५ सप्टेंबर

बंदर समितीचा अध्यक्ष एलर्ट याच्या दुकानावरच्या माडीत राहते. सत्तरीचा, गालांवर लाल शिरांचं जाळं, बोलायला लागला की थांबत नाही. पहिल्याच दिवशी त्याने माझं बारसं केलं. गावभर मी आता मास्तरीणबाई. दुकानात उभं राहिलं की कुणीतरी विचारतं, काय मास्तरीणबाई, आज वर्गात किती मासे हजर? मला आवडतं. नौवहन विद्यालयात सहकारी मला याहून वाईट नावं ठेवत होते, आणि तीही पाठीमागे.

माझी बोट 'टेर्ना' जुनी आहे, पण निरोगी. सोबतीला योरुन आहे. इंजिन तिचं, दोरखंड तिचे, सुकाणूही अर्धं तिचंच. पस्तिशीची, खांदे पुरुषासारखे, शब्द मोजून टाकणारी. तिचा नवरा गेल्या फेब्रुवारीत वारला. आधीची बोट नरड्यात शिरताना डुकरिणीवर चढली आणि उलटली. तांडेल हाल्वार आणि सहा उतारू गेले, तिचा नवरा त्या सहांतला. हाल्वार स्क्रीनकडे बघत होता, असं सगळं गाव एका तोंडाने सांगतं. मला आश्चर्य वाटलं नाही. ही जागा रिकामी झाल्याची जाहिरात वाचली तेव्हाच मी ठरवलं होतं की माझ्या हातून या नरड्यात एकही माणूस जाणार नाही. याच एका गोष्टीसाठी मी आले आहे. बाकी सगळं गौण.

आज योरुनला म्हटलं की चल, पिवळं घर पाद्र्यावर बसव आणि आत ने. ती समुद्रात थुंकली आणि तिने सुकाणू माझ्या हातात दिलं. म्हणाली की तूच ने, मला या दिवसांत उन्हाचा त्रास होतो.

२० सप्टेंबर

काल समाजमंदिरात माझं भाषण झालं. वॉफल, तपकिरी चीज, कॉफी आणि खच्चून भरलेलं गाव. कुठल्याही सभेत मी इतकी पेटले नव्हते. मी म्हटलं की समुद्र स्क्रीनमध्ये नसतो, तो खिडकीबाहेर असतो. नकाशातला खडक नकाशा काढणाऱ्याने ठेवला तिथे असतो, खरा खडक मात्र आपल्या जागी असतो आणि तो कुणाची वाट पाहत नाही. दोन खुणा वाट दाखवतात, तिसरी खूण त्या दोन खोटं तर बोलत नाहीत ना हे सांगते. जो तांडेल मान वर करून या तीन गोष्टी पाहत नाही, तो सुकाणूवर झोपलेला आहे, मग त्याचे डोळे उघडे का असेनात! आणि मग मी हाल्वारचं नाव घेतलं. म्हटलं, त्याच्या हातून अपघात झाला असं म्हणू नका. खिडकी होती, डोळे होते, त्याने पाहिलं नाही. याला खून म्हणतात.

टाळ्या थांबेनात. माणसं बाकांवर उभी राहिली. एलर्ट पुढे आला, त्याने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला की आमच्या मनातलं बोललीस, मास्तरीणबाई, शब्दन् शब्द. मग कुणीतरी ओरडलं आणि सगळी वरात धक्क्यावर. 'टेर्ना'ची स्क्रीन पेचांसकट उखडून एलर्टने ती डोक्यावर धरली आणि बंदरात भिरकावली. मी असं काही सांगितलं नव्हतं. स्क्रीन फेका असं मी जन्मात म्हटलेलं नाही. ती डोळ्यांची जागा घेऊ नये, एवढंच माझं म्हणणं. पण टाळ्या मीही वाजवल्या. त्या घोळक्यात उभं राहून हात खिशात ठेवणं कुणाला जमलं असतं?

२८ सप्टेंबर

काल वादळी पावसात तीन उतारू घेऊन येत होते. चर्च दिसेना, टेकडी दिसेना. पिवळं घर तेवढं स्वच्छ, जणू त्याच्यापुरतं ऊन पडलेलं. पाद्री त्याखाली बसवला आणि अलगद आत आले. धक्क्यावर उतरल्यावर एका म्हातारीने माझा हात धरून विचारलं की कशावर धरून आणलीस गं? मी म्हटलं, पिवळ्या घरावर. तिने हात सोडला. दोघींच्या मध्ये जळतं लाकूड आल्यासारखा झटकन सोडला.

संध्याकाळी एलर्ट मुद्दाम माडीवर आला आणि तेच विचारलं. मी तेच सांगितलं. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग हळूहळू खुलला. म्हणाला की तुझे डोळे देवाने दिलेत, मास्तरीणबाई, तू इथून जायचं नाव काढायचं नाही.

२९ सप्टेंबर

वॉफलचा डबा घेऊन पिवळ्या घरी निघाले. ज्यांच्या भिंतीने मला इतक्यांदा घरी आणलं त्यांचे आभार मानावेत, एवढाच हेतू. माझ्या माडीतून ते टोक दिसत नाही, मध्ये टेकडी येते. टेकडी ओलांडून उतरले.

घर नाही.

दगडी जोतं आहे. चुलीची जागा आहे. तुटक्या फळ्यांचा ढीग, त्यावर पिवळा रंग. एका खिडकीच्या चौकटीला अजून पडदा लटकतो आहे. जोत्याच्या दोन कोपऱ्यांना जाड दोर बांधलेला, पुढे तुटलेला. गवत फळ्यांमधून वर आलंय. म्हणजे हे कालपरवाचं नाही.

 चुकीच्या जागी आले, असं स्वतःला सांगितलं. पण समोर, सरळ रेषेत, पाद्री. त्याच्यापलीकडे नरडं. जागा हीच.

दुपारी ठरलेली फेरी होती. नरड्याच्या तोंडाशी मान वर केली. चढावर पिवळं घर. शिखर, चार खिडक्या, धुराडं. योरुनला म्हटलं की समोर काय दिसतंय ते सांग. ती म्हणाली की जोतं दिसतंय, तुला काय दिसतंय?  बोट आत आणली. घरावर धरूनच आणली, दुसरं काही नव्हतं.

६ ऑक्टोबर

माझे डोळे तपासून घ्यायला हवेत असं मनाशी म्हणत राहते. पण ज्या डोळ्यांना जे नाही ते दिसतं, ते डोळे बोट बरोबर जागी कशी आणतात?

आज ओहोटीला छोट्या होडीतून पाद्र्यापाशी गेले. दुसरी खूण तरी खरी आहे ना, हात लावून पाहायचं होतं. खरी आहे. पण चुन्याचा एक पापुद्रा नखाने निघाला आणि त्याखाली पाहिलं, तर नारिंगी दगडफूल. तळहाताएवढं, जुनं, दगडात मुरलेलं. दरवर्षी चुना फासलेल्या दगडावर दगडफूल धरतच नाही. चारी बाजूंनी खरवडून पाहिलं. सगळीकडे तेच: वर एकच ताजा थर आणि खाली वर्षानुवर्षांचं दगडफूल.

म्हणजे पाद्र्याला कित्येक वर्षं चुना लागलेलाच नव्हता. फेब्रुवारीत, बर्फाच्या करड्या उजेडात, करड्या पाण्यासमोर, करडा दगड. जगातल्या कुणाही तांडेलाला, अगदी मलासुद्धा, तो दिसला नसता.

हाल्वार खिडकीबाहेर बघत होता.

आणि मी बाकांवर उभ्या राहिलेल्या माणसांसमोर त्याला काय म्हटलं!

७ ऑक्टोबर

योरुनला इंजिनाच्या खोलीत गाठलं. वाटलं होतं की ती नाकारेल. तिने हात पुसले आणि मासे कापत बोलावं तसं सगळं सांगून टाकलं.

चुना फासणं हे गावाचं सामाईक काम. एक वर्ष पूर्वेची वस्ती, एक वर्ष पश्चिमेची. मग एकदा पूर्वेकडचे म्हणाले की गेल्या खेपेला आम्हीच केलं, पश्चिमेकडचे म्हणाले की खोटं बोलता, तुम्ही तर बादलीसुद्धा परत आणली नाहीत. झालं! पाळी कुणाची या वादात पाद्री तसाच राहिला. हाल्वार दर वसंतात समितीसमोर उभा राहून सांगायचा की बाबांनो, पाद्री दिसत नाही. एलर्ट म्हणायचा, तुझी बायको रोज पिवळं घर घासतेय ना, तेवढं दिसलं की पुरे.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, मुख्य किनाऱ्यावरून चौकशीची माणसं यायच्या आत, पूर्व आणि पश्चिम दोन्ही वस्त्यांनी मिळून पाद्र्याला चुना फासला. त्या दिवशी पाळी कुणाची, हे कुणीच विचारलं नाही.

हाल्वारची बायको माग्नहिल्ड मात्र गप्प बसेना. दुकानात, चर्चमध्ये, प्रेतयात्रेत, सगळीकडे एकच: पाद्री करडा होता, माझ्या नवऱ्याला तुम्ही मारलंत. तेव्हा गावाने ठरवलं की ही इथे नको. तिला जा म्हटलं, ती जाईना. मग दोर आणले. तिच्या पिवळ्या घराच्या कोपऱ्यांना बांधले, ट्रॅक्टर लावला आणि उरलेल्या दोरावर अख्खं गाव. योरुन सगळ्यांत पुढे होती. तिने मला तळहातांवरचे दोराचे वळ दाखवले. अजून आहेत.

रागाच्या भरात कुणाच्या डोक्यात आलं नाही की आपण आपलीच खूण पाडतोय. भिंत पडल्यावर आलं.

मी विचारलं की माग्नहिल्डचं काय झालं. योरुन म्हणाली की ती पडणाऱ्या फळ्यांतून बाहेर आली, कुणाला काही बोलली नाही. ओहोटी होती. दगडांवरून पाय टाकत टाकत थेट डुकरिणीपर्यंत चालत गेली आणि गावाकडे तोंड करून उभी राहिली. भरती यायला लागली. एलर्ट म्हणाला की येईल परत, नाटकं करतेय. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं. धक्क्याला होड्या बांधलेल्या होत्या. कुणी सोडली नाही. सगळे धक्क्यावर उभे राहून बघत होते. अगदी शेवटपर्यंत.

मी विचारलं, आणि तू?

म्हणाली, माझी नजर चांगली आहे. मला तिचा चेहरासुद्धा दिसत होता.

१५ ऑक्टोबर

एलर्टला तोंडावर विचारलं. त्याने नाकारलं नाही, कॉफीत साखर ढवळत राहिला. म्हणाला की तुला ते घर दिसतं ना, मग तुझी तक्रार काय? आम्हाला दिसत नाही म्हणून आम्ही आंधळ्यासारखे चाचपडत येत होतो, आता तू आहेस. बाईने मेल्यावर तरी गावाचं काम केलं म्हणायचं! आणि हसला. खाली दुकानात उभी असलेली माणसंही हसली.

२४ ऑक्टोबर

घर हललं.

नीट लिहिते. आज स्वच्छ होतं. पाद्र्यावर घर नेमकं बसवलं, तशीच आत येत होते. सवयीने उजवीकडे तिसरी खूण पाहिली. चर्चचा कळस टेकडीच्या आड जाता कामा नये. आड गेला की बोट डुकरिणीच्या अंगावर. कळस अर्धा आड गेला होता! सुकाणू उजवीकडे मारलं, कळस पुन्हा बाहेर आला, पण आता पाद्री आणि घर जुळेनात. घर एका खिडकीच्या रुंदीइतकं उजवीकडे सरकलंय. कुणी त्यावर विश्वासून आलं तर बोट तेवढीच डावीकडे येईल.

शांतपणे. तिसरी खूण आहे तोवर घर काही करू शकत नाही. मी वर्गात हेच शिकवत आले.

२ नोव्हेंबर

दोन खिडक्या. दर फेरीला थोडं आणखी. मी आता घराकडे बघतच नाही, फक्त कळसाकडे. पण मान वळवली तरी डोळ्याच्या कोपऱ्यात ते पिवळं असतंच. आज खालच्या खिडकीत पडदा बाजूला झालेला होता.

एलर्टला सांगितलं की बर्फात किंवा धुक्यात मी नरड्यात शिरणार नाही, नवी स्क्रीन मागवा, दोन्ही हवं, डोळेही आणि यंत्रही. तो म्हणाला की अख्ख्या गावासमोर एक बोललीस, आता दुसरं बोलतेस? भाषण आम्हाला पाठ आहे, म्हणून दाखवू? आणि खरंच म्हणून दाखवलं, माझ्या आवाजात, हातवाऱ्यांसकट. दुकानात हशा पिकला.

९ नोव्हेंबर

१८ तारखेला मुख्य किनाऱ्यावर चौकशीची शेवटची बैठक आहे. गावचे साक्षीदार मीच न्यायचे. सगळे तेच, दोर धरणारे. साक्षही एकच: पाद्री पांढरा होता. जाणकार म्हणून मलाही प्रश्न विचारणार आहेत.

सांगणार. दगडफूल सांगणार, पाळी सांगणार, दोर सांगणार. मी त्या माणसाला भर सभेत खुनी म्हटलं. ते भर सभेतच परत घ्यायला हवं.

१७ नोव्हेंबर

एलर्ट आला. अगदी गोड बोलला. म्हणाला की उद्या काय बोलायचं ते तूच ठरव, मास्तरीणबाई, आम्ही कोण सांगणार? फक्त एवढं लक्षात ठेव की बोलून झाल्यावर तुला आमच्याच सोबत घरी यायचंय. पाणी थंड असतं या दिवसांत. आणि आम्ही लोक कसे, धक्क्यावरून बघत राहणारे.

जाताना दार हळूच लावून घेतलं.

१८ नोव्हेंबर

विचारलं. सरळ विचारलं. हाल्वारने खिडकीबाहेर पाहिलं असतं तर त्याला पाद्री दिसला असता का?

मागे बाकावर सगळे बसले होते. 

मी म्हटलं, हो. पाहणाऱ्याला दिसला असता.

आवाज माझाच होता. ठणठणीत. सभेत लावते तसा. लिहून घेणाऱ्याने मान डोलावली आणि पुढचा प्रश्न. बाहेर आल्यावर एलर्टने सगळ्यांना बिअर पाजली, माझ्या पाठीवर थाप मारली. योरुन माझ्याकडे बघत होती. फक्त बघत होती.

१९ नोव्हेंबर, दुपार

परतीला निघालो. उतारू रात्रीच्या बिअरवर अजून गातायत. बेट दिसू लागलं आणि बर्फ कोसळायला लागला. चर्च गेलं. टेकडी गेली. कळस नाही. तिसरी खूण नाही.

बोट नरड्याबाहेर थोपवून धरलीय. मी सांगितलं की थांबायचं, बर्फ थांबेपर्यंत कुणी शिरणार नाही. वारा वाढतोय, पण बाहेर अजून पाणी खोल आहे, थांबता येईल. थांबलो तर सगळे वाचतील.

मी मान वर केली. घर—

घर नाही.

पहिल्यांदाच नाही. नुसतं पांढरं.

थोड्या वेळाने

योरुन ओरडली की घर दिसतंय. मागून कुणीतरी म्हणालं, मलाही. मग सगळेच. एलर्ट काचेला नाक लावून लहान पोरासारखा नाचतोय. म्हणतो की तेच गं तेच, शिखर, खिडक्या, धुराडं, बरोबर पाद्र्याच्या डोक्यावर! मी म्हटलं की तिथे काही नाही. तुम्हीच पाडलंत, आठवा, तुम्हीच पाडलंत! तो म्हणाला की मास्तरीणबाई, खिडकीबाहेर बघ की जरा. सगळे खो-खो हसले.

सुकाणूला मिठी मारून बसले. दोघांनी ओढून काढलं. मला नकाशांच्या खोलीत कोंडलंय. बाहेरून कडी. इथे एक गोल काच आहे, एक होकायंत्र आणि ही वही.

इंजिनाचा आवाज चढला. आत निघालो.

काच पुसली. बर्फ. पुन्हा पुसली. पाद्रीसुद्धा नाही. मला काहीच दिसत नाही, या डोळ्यांना आता काही—

होकायंत्राचा काटा. आपण डावीकडे चाललोय. फार डावीकडे. कुणीतरी तिसरी खूण बघा रे—

बुक्क्या मारल्या. योरुन दारापलीकडून म्हणाली की गप्प बस, मला नीट बघू दे.

म्हणताहेत की दार उघडं आहे. घराचं. कुणीतरी दारात उभं आहे. एलर्ट म्हणतो की बाई आहे, हात हलवतेय. नाही, म्हणतो, बोलावतेय—

गाणं थांबलं.

ऐकू येतंय. पाणी फुटतंय. डाव्या अंगाला. डुकरीण—इतक्या जवळ कधीच—

योरुन! उजवीकडे! अगं उजवी

कुणी सुकाणू वळवत नाही. दाराच्या फटीतून दिसताहेत. सगळे उभे आहेत, हात खाली सोडून, आणि नुसते बघ